हातगुण

माझ्या सासऱ्यांना उतार सहन होत नाही. कोणाला मांजर सहन होत नाही, कोणाला व्याही, यांना उतार. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्या भाड्याच्या घरी आले, तेव्हा खोल्यांत उजेड किती, शेजार कसा, मुलगी सुखात आहे का, असल्या किरकोळ गोष्टींत ते पडले नाहीत. जेवणाच्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवून, खाली बसून, एक डोळा मिटून त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुमचं टेबल खिडकीकडे पडतंय." मग खिशातून पुठ्ठा काढला, त्याची घडी घातली आणि टेबलाच्या एका पायाखाली सरकवली. लोक खिशात रुमाल ठेवतात, ते पुठ्ठा ठेवतात.

गाडीत बसले की तेच. "हा रस्ता कोणी केला? सगळा डावीकडे गेलाय." सासऱ्यांनी नावं ठेवल्याशिवाय आमची गाडी आजवर एकही उतार उतरलेली नव्हती.

दोष त्यांचा नाही, धंद्याचा. ते खाणीवर डोझर चालवायचे. खाण म्हणजे जमिनीतून हवं ते काढून घ्यायचं आणि नको ते शेजारी टाकायचं. असं वर्षानुवर्षं केल्यावर एके दिवशी कायदा आला, की खाण संपली की जमीन होती तशी करून द्या. ती होती कशी, हे कोणालाच नीट आठवत नव्हतं. तेव्हा सपाट करून द्यावी असं ठरलं. सपाट जमिनीबद्दल तक्रार करायला सहसा कोणी येत नाही.

तर दगड, मुरूम, चिकणमाती ढकलून खड्डा भरायचा आणि वरून सारखा करायचा, हे सासऱ्यांचं काम. ते त्यांनी असं केलं, की खाणीवर त्यांचं नाव 'पाणसळ' पडलं. गवंडी भिंतीची पातळी बघायला ठेवतो ना, ती. डोझर एकदा फिरवा असा हुकूम असला की हे मन भरेपर्यंत फिरवायचे, आणि मन लवकर भरायचं नाही. सुट्टीच्या दिवशीही डबा घेऊन जायचे. सासूबाई म्हणायच्या, "दुसऱ्यांचे नवरे दारू पितात, माझा जमीन दाबतो. तक्रार करायचीसुद्धा चोरी."

तपासणीला साहेब आले तेव्हा सासऱ्यांनी वर्कशॉपमधला बेअरिंगचा छर्रा जमिनीवर ठेवला. साहेब, मॅनेजर, ड्रायव्हर मंडळी आणि फोटोग्राफर, सगळे ओणवे होऊन त्याच्याकडे बघत राहिले. छर्रा हलला नाही. कंपनीला ढाल मिळाली. कंपनीनं तिची छोटी आवृत्ती करून सासऱ्यांना दिली. ती अजून त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे, अर्थातच पाणसळ लावून टांगलेली. त्या जमिनीला सगळे सपाटी म्हणायला लागले.

सपाटीला एकच डाग होता. मागचा एक कोपरा डुलकी नावाच्या ड्रायव्हरकडे होता. हे नाव त्याला आईबापांनी दिलेलं नव्हतं, त्यानं स्वतः कमावलेलं होतं. डोझर चालवता चालवता तो झोपायचा. त्याचा कोपरा म्हणजे नुसती ढेकळं. ट्रकनं ओतलेले ढीग जसेच्या तसे, मध्ये खळगे, कडेला उंचवटे. सासऱ्यांनी मॅनेजरकडे तक्रार केली, तो कोपरा फुकट सारखा करून देतो म्हणाले. मॅनेजर म्हणाला, "जाऊ द्या हो, रस्त्यावरून दिसत नाही." डुलकीची बदली पंपावर झाली, तिथं त्याला अधिक शांत झोप लागू लागली. कोपरा तसाच राहिला. सासऱ्यांच्या मनात तो जेवताना दाताखाली आलेल्या खड्यासारखा राहिला.

मग झाडं आली. सपाट जमिनीचा फोटो काढला की त्यात काहीच दिसत नाही, ही गोष्ट फोटोग्राफरच्या लक्षात आली. कंपनीनं शिरीषाची रोपं आणली आणि ती लावायला कामगारांच्या बायकांना बोलावलं, कारण फोटोत बायका असल्या की कंपनी मायाळू दिसते. बायका आल्या, रोपं लागली, फोटो निघाले, चहा झाला, बायका घरी गेल्या.

सासूबाई दुसऱ्या दिवशी परत गेल्या. पाणी घालायला.

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "लावलंय तर बघायला नको?" एवढंच त्यांचं म्हणणं. रस्त्याकडच्या दोन रांगा त्यांनी आपल्या धरल्या. टँकरवाल्याला दम देऊन ड्रम भरून घ्यायच्या आणि बादल्यांनी पाणी घालायच्या. बाकीची रोपं उन्हाळ्यात गेली. सासूबाईंच्या दोन रांगा जगल्या. जगल्या म्हणजे मेल्या नाहीत. कमरेपर्यंत आल्या आणि थांबल्या, ते कायमच्या. कंपनीचा त्यात फायदाच झाला. पुढची कित्येक वर्षं त्याच झाडांचा फोटो 'यंदाची नवी लागवड' म्हणून छापता आला.

इकडे मागच्या कोपऱ्यात डुलकीच्या बायकोनं उरलेली रोपं कशीबशी खोचली होती आणि ती विसरूनही गेली होती. ती रोपं वाढली. अशी वाढली, की पुढं डुलकी दुपारी त्यांच्या सावलीत झोपायला येऊ लागला. सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: डुलकीच्या बायकोचा हातगुण.

ओघानंच दुसराही निष्कर्ष निघाला. तो सासऱ्यांनी काढला. घरी पाहुणे आले, चहा झाला, की ते म्हणायचे, "आमच्या हिला हातगुण नाही. हिनं लावलेलं एकच काय ते वाढलं, ही पोरगी. तेही मी मदत केली म्हणून." पाहुणे खो खो हसायचे. सासूबाईही हसायच्या, सगळ्यांच्या जरा मागून.

विनोद वाईट नव्हता. वाईट विनोद एकदाच सांगितला जातो. हा पंचवीस वर्षं चालला.

सासूबाईंनी उपाय पुष्कळ केले. खत घातलं, राख घातली, पालापाचोळा पोत्यांनी आणून पसरला. झाडांशी बोलून पाहिलं, अभ्यासात कच्च्या असलेल्या मुलाशी बोलतात तशा आवाजात. एकदा तर डुलकीच्या बायकोला घेऊन आल्या आणि तिच्या हातानं आपल्या रांगेत एक रोप लावून घेतलं. तेही कमरेला येऊन थांबलं. तिचं नाव खराब व्हायला नको म्हणून सासूबाईंनी आपणच सगळीकडे सांगितलं, "लावलं तिनं, पण पाणी मी घातलं ना." त्यानंतर घरच्या कुंडीतही त्या स्वतः बी टाकेनाशा झाल्या. भिंतीवरून शेजारणीला हाक मारायच्या, "अगं, जरा तुझा हात लाव." शेवटच्या आजारपणात एका दुपारी त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "झाडं केवढी झाली गं?" ती म्हणाली, "तेवढीच." "पण आहेत ना," म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

घरदार वारशानं मिळतं तसा विनोदही मिळतो. माझ्या बायकोनं आमच्या घरात आजवर एक कुंडी आणलेली नाही. कोणी भेट दिलीच तर दुसऱ्या दिवशी ती कोणाला तरी देऊन टाकते. ती शाळेत गणित शिकवते. सिद्ध करून दाखवल्याशिवाय ती माझं वयसुद्धा मान्य करत नाही. पण एवढं एक तिनं न तपासता मान्य केलंय. "आईचा हात आहे माझा," ती म्हणते. "उगाच एखाद्या बिचाऱ्याचा जीव जायचा."

सासूबाईंना जाऊन काही वर्षं झाली आणि सपाटीवर खरोखरचं जंगल उभं करायची योजना आली. योजनेबरोबर मातीचं शास्त्र शिकलेल्या एक बाई आल्या. त्यांना सगळे लगेच मातीच्या मॅडम म्हणायला लागले. खाणीच्या जुन्या कँटीनमध्ये त्यांनी सभा घेतली. बायको, मी आणि सासरे पुढच्याच बाकावर होतो. मॅडमनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. त्यात ढेकळं होती, खळगे होते, उंचवटे होते.

"सपाटी आपल्याला अशी करायची आहे," मॅडम म्हणाल्या.

"डुलकीला बोलवा!" मागून कोणीतरी ओरडलं. डुलकी सभेतच होता. पण त्याला जाग आली नाही.

मॅडमनी समजावून सांगितलं. मोठ्या डोझरमागे लोखंडी दात लावायचा, त्या दातानं सपाटी खोलवर फाडायची, उलथीपालथी करायची आणि मग रोपं लावायची. सासरे उठले.

"बाई, असलं काम करणाऱ्याला आम्ही पंपावर पाठवला होता."

"काका, जमीन फार दाबली गेलीय, म्हणून..."

"दाबली गेली नाही. मी दाबली. ढाल आहे माझ्याकडे." मग ते जरा थांबले. "आणि कडेला माझ्या बायकोची झाडं आहेत. तिनं तिच्या हातानं जगवलीत. त्यांना मी धक्का लावू देणार नाही."

बायकोनं माझं मनगट धरलं. बापानं आईच्या झाडांची बाजू घेतलेली ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती.

"ती कमरेएवढी झाडं?" मॅडमनी विचारलं. "ती किती वर्षांची असतील?"

"पंचवीसच्या वर."

"पंचवीस वर्षांत एवढीच वाढली?"

"तिला हातगुण नव्हता." सवयीनं तोंडातून निघालंच. कँटीन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या नव्या होत्या. माझ्या बायकोनं मनगट सोडलं.

"एका झाडाशेजारी खणून बघू या," मॅडम म्हणाल्या. "मुळांना खाली चांगली जमीन मिळाली असेल तर तुमच्या दोन रांगा मी ठेवीन."

"आणि सपाटी?"

"बघू."

"बघू नाही. सगळ्यांसमोर बोला."

"सपाटीही ठेवीन."

सासरे बसले आणि माझ्या कानात म्हणाले, "हरली."

खणायच्या दिवशी बायकोची शाळा होती, म्हणून सासऱ्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला सोबत मी गेलो. कामगारानं पहिली कुदळ मारली. वरची माती संपताच टण्णकन आवाज झाला, कुदळ उसळली आणि तो हात झटकत बाजूला झाला. सासऱ्यांचा चेहरा उजळला. "बघा! इतक्या वर्षांत हलली नाही. नाहीतर हल्लीचे रस्ते!" मॅडमकडे वर मूठ असलेली एक लोखंडी सळई होती. ती त्यांनी जमिनीत दाबली. वीतभर गेली आणि थांबली. "तुम्ही दाबून बघा, काका." सासऱ्यांनी सगळा भार टाकला. सळई हलली नाही. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. स्वतःच काढलेल्या पेपरात स्वतःच पहिले आल्यासारखे ते दिसत होते.

शेवटी दगड फोडायचं यंत्र आणून झाडाच्या एका अंगाला खड्डा केला. मॅडम आत उतरल्या आणि ब्रशनं उभी कड साफ करू लागल्या. हळूहळू दिसायला लागलं.

वर वीतभर माती काळी, भुसभुशीत होती. तिच्याखाली एकदम करडी, गुळगुळीत जमीन. वहीची पानं मिटून ठेवावीत तसे तिचे पातळ पातळ थर. झाडाचं मूळ काळ्या मातीतून सरळ खाली आलं होतं आणि थरापाशी येऊन काटकोनात वळलं होतं. आडवं जाऊन परत फिरलं होतं. पुन्हा दुसऱ्या बाजूला गेलं होतं. बंद दारासमोर माणूस येरझाऱ्या घालतो तशा त्यानं पंचवीस वर्षं येरझाऱ्या घातल्या होत्या, आणि त्यांची एक जाड, चपटी चकती झाली होती.

"हे थर कसले?" मी विचारलं.

मॅडम तोंड उघडत होत्या, तेवढ्यात सासरे बोलले. "माझे." ते खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले. "एक फेरी, एक थर. डोझरच्या पट्ट्याखाली असाच बसतो. हा जाड आहे ना, तेव्हा चिकणमातीचे ट्रक आले होते. भारी बसली होती ती." शेवटचं वाक्य सुरू झालं तेव्हा त्यात अभिमान होता. ते संपेपर्यंत तो उतरला होता.

मग त्यांची नजर मुळाकडे गेली.

"ती पाणी घालायची," ते म्हणाले. "बादल्या बादल्या. त्याचं काय व्हायचं?"

"खाली जायला वाटच नव्हती, काका. वरच साचायचं. उन्हात उडून जायचं, नाहीतर मुळं कुजवायचं."

"आणि खत?"

"तेही वरच."

"डुलकीचा कोपरा?"

"तो मागचा? तिथं मुळं पुरुषभर खाली गेलीत. मी मुद्दाम बघून आले." मॅडमच्या आवाजात आदर होता. "तिथल्या ड्रायव्हरनं फार सुंदर काम केलंय."

एरवी या वाक्यावर सासऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. आज त्यांनी मान डोलावली.

"मग तिचं काय चुकलं?"

"कोणाचं?" मॅडमना खरंच कळलं नाही. "पाणी घालणाऱ्या बाईंचं? काहीच नाही. खरं म्हणजे ही झाडं दुसऱ्याच उन्हाळ्यात मरायला हवी होती. ही वरची काळी माती दिसतेय ना, ती मूळची इथली नाही. ती त्यांनी केलीय. राख, पाला, खत घालून घालून. त्याच वीतभर मातीवर ही तगली. मला भेटायचंच होतं त्यांना. कुठं असतात?"

"त्या नाहीत आता," मी म्हणालो.

सासऱ्यांनी वाकून खड्ड्यात हात घातला आणि मूळ जिथं वळलं होतं तिथं अंगठा ठेवला. दुखऱ्या जागेवर ठेवतात तसा, न दाबता. परतताना गाडीत बसल्यावर म्हणाले, "जावईबापू, पोरीला यातलं काही बोलू नका. मी सांगतो."

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "काय निघालं?"

"जमीन कडक आहे," सासरे म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

"मग आईची झाडं?"

"काढावी लागतील."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणालो."

बायकोनं त्यांच्यापुढचा रिकामा कप उचलला. "चार दिवससुद्धा नाही टिकली तुमची बाजू," ती म्हणाली आणि आत गेली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. जावयाची जात, दुसरं काय करणार.

त्यानंतर सांगायला म्हणून ते बरेचदा आले. एकदा नळ गळतोय एवढं बोलून गेले. एकदा टेबलाखाली वाकून पुठ्ठा तपासला आणि गेले. चूक कबूल करायला माणसाला सराव लागतो. यांना जन्मभर फक्त ढाली मिळालेल्या. एका रविवारी त्यांचा खाणीवरचा जुना सोबती आमच्याकडे आला. चहा झाला आणि विनोदाची जागा आली. सासरे गप्प राहिले. सोबत्यानं जरा वाट पाहिली. मग, म्हाताऱ्याला विसर पडला असेल, आपणच मदत करावी, अशा प्रेमानं तो म्हणाला, "आमच्या वहिनींना हातगुण नव्हता, काय हो?" आणि पुढचा सगळा विनोद त्यानं स्वतः सांगितला, मुलगी आणि मदतीसकट. कुठं थांबायचं, कुठं डोळे मिचकावायचे, सगळं बरोबर. बायको सवयीनं हसली. जरा मागून हसली.

सासऱ्यांचा कप बशीवर वाजला.

सपाटी फाडायला आलेला ड्रायव्हर पोरसवदा होता. त्याच्या डोझरमागचा दात जमिनीत शिरला आणि भिंत खचावी तसा आवाज झाला. करडे थर पाट्यांसारखे मोडून वर येऊ लागले. "अरे सरळ घे! वाकडा चाललास!" सासरे ओरडले.

"वाकडंच हवंय, काका," मॅडम म्हणाल्या.

सासऱ्यांनी ओठ मिटले. पुढं जे काही झालं ते त्यांनी दात आवळून पाहिलं. दोन रांगांशी आल्यावर मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात हलवून 'चालू द्या' म्हटलं. झाडं सहज निघाली. धरून ठेवायला खाली होतंच काय. कामगारानं त्यातलं एक नेऊन न फाडलेल्या तुकड्यावर ठेवलं. मुळाची चकती इतकी सपाट होती, की झाड कुंडीशिवाय, टेकूशिवाय, आपलं आपण उभं राहिलं. छर्ऱ्यासारखं, तसूभरही हललं नाही. तपासणीच्या साहेबांना दाखवण्यासारखं होतं.

लागवडीच्या दिवशी सगळ्यांना बोलावलं होतं. बायको यायला तयार नव्हती. सासऱ्यांनी तिला गळ घालून आणलं. पण ती गाडीला टेकून उभी राहिली. समोर सपाटी कुठं उरलीच नव्हती. नजर जाईल तिथं ढेकळं आणि खळगे. सासरे त्यांतून ठेचकाळत गेले आणि एक शिरीषाचं रोप घेऊन परत आले.

"हे लाव," ते म्हणाले.

"मी नाही. यांना द्या." यांना म्हणजे मला.

"तूच लाव."

"बाबा, आईचा हात आहे माझा. तुम्हीच तर सांगता सगळ्या जगाला."

सासरे रोप धरून तसेच उभे राहिले. आता नळाबद्दल बोलतील, असं मला वाटलं.

"तिच्या हाताला काही झालं नव्हतं," ते म्हणाले. "खाली जमीन मी दाबली होती. पाणी मुरायला जागा ठेवली नव्हती. ती घालायची ते सगळं वाया जायचं. वरच्या वीतभर मातीत तिनं ती झाडं जगवली, आणि ती मातीही तिनंच केलेली. हातगुण माझा होता, पोरी."

बायकोनं मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. डुलकीचे शिरीष वाऱ्यावर डोलत होते.

"कधी कळलं तुम्हाला?"

"खड्डा खणला त्या दिवशी."

"त्या कोपऱ्यातली झाडं तुम्हाला रोज दिसत होती. कामावर जाताना, येताना."

"दिसत होती."

"तुम्ही त्या कोपऱ्यात डोझर फिरवला नव्हता, हेही माहीत होतं."

"होतं."

"मग?"

"मला वाटलं, त्याच्या बायकोचा हातगुण."

"खरंच वाटलं?"

सासऱ्यांनी रोप या हातातून त्या हातात घेतलं. "वाटून घेतलं," ते म्हणाले.

शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आलं पण फार उशिरा आलं, की तिचा चेहरा होतो तसा झाला.

"मी तो विनोद सांगायचो तेव्हा ती हसायची गं," सासरे म्हणाले. "मला वाटायचं, तिला आवडतो. म्हणून तर सांगायचो."

"पाहुणे गेल्यावर भांडी घासताना ती मला विचारायची," बायको म्हणाली, "'मी नेमकं काय चुकवत असेन गं?' मी शाळेत जायला लागले तेव्हापासून विचारायची. 'तुमच्या पुस्तकात काही असतं का बघ.'"

सासऱ्यांनी रोप पुढं केलं.

बायकोनं त्यांच्या हातातून रोप घेतलं. ढेकळांतून चालत गेली, एका खळग्याशी बसली, दोन्ही हातांनी माती उकरली, रोप लावलं आणि माती लोटली. मग मॅडमकडून बादली मागून आणली. पाणी ओतलं आणि ते कुठं जातंय ते बघत बसली. ते गेलं. बघता बघता मुरलं, आणि वर नुसता ओला डाग राहिला. ती त्या डागाकडे बघत राहिली. जरा वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. मातीचे हात तसेच ठेवले.

रोप वाकडं लागलं होतं. चांगलंच वाकडं, गाडीच्या बाजूला कललेलं. ते सासऱ्यांनी पाहिलं, हे मी पाहिलं. त्यांचा उजवा हात आपोआप पुढं झाला, मध्येच थांबला आणि खिशात गेला. खिशात पुठ्ठा चुरगळल्याचा आवाज आला.

परतताना बायको पुढं माझ्या शेजारी बसली, हात मांडीवर उताणे ठेवून. सासरे मागं होते. रस्त्यात नेहमीचे सगळे उतार लागले. त्यांनी एकालाही नावं ठेवली नाहीत.